पेन्सिल

रविवारची संध्याकाळ. मिचेल्स प्लेनमध्ये वारा सुटलाय,
दोरीवरचे गणवेश एकमेकांना बाह्यांनी मारतायत.
जेरुशापुढे कोरा कागद:
उद्या शाळेत कुटुंबाचं झाड काढून न्यायचंय.
विचार करता करता तिनं पेन्सिल केसांत खोवली
आणि विसरून गेली.
मग घरभर शोधली, दप्तर उपडं केलं,
भावाला चोर ठरवलं,
शेवटी हात डोक्याला लागला तेव्हा इतकी हसली
की खुर्चीवरून घसरली. पेन्सिल तशीच.
"बघ ना आई, उड्या मारल्या तरी पडत नाही!"

मी कांदा चिरत होते. सुरी थांबली.
आतल्या खोलीत माझ्या आईनं रेडिओ बंद केला.

हे कधीतरी सांगायचंच होतं.
मी बारावं वर्ष धरून ठेवलं होतं मनात.
ती आठ वर्षांची आहे.

सांगितलं, जमेल तसं:
एक काळ होता, सरकारला कळत नव्हतं कोण कोण आहे
आणि कळल्यावाचून झोप येत नव्हती.
मग कचेरीत एक माणूस
लोकांच्या केसांत पेन्सिल खोवायचा,
"मान हलव" म्हणायचा.
पडली तर गोरे. अडकली तर नाही.
त्यावरून घर कुठे, शाळा कुठली, लग्न कुणाशी,
समुद्राच्या कुठल्या तुकड्यात पाय बुडवायचे.

"म्हणजे परीक्षा?"
हो, परीक्षाच.
"मग अभ्यास कशाचा करायचा?"
मला उत्तर येईना. मी कांदा पुन्हा हातात घेतला.
"आणि सगळ्यांना एकच पेन्सिल? न धुता?"
तिला सगळ्यात आधी किळस आली.
मला वाटलं, सुरुवात वाईट नाही.

तेवढ्यात आई बाहेर आली, भिंतीला धरत.
"माझी अडकली," म्हणाली, "फ्लॉरिसची पडली."
एका पोटची दोन, एकाच फणीनं विंचरलेली.
फ्लॉरिस पॅरोला गेला, गोऱ्यांच्या वस्तीत.
"एकदा बाजारात समोरून आला, बरोबर बायको.
मला बघितलं, हॅट नीट केली
आणि रस्ता ओलांडला.
मी बटाट्याचा भाव विचारत राहिले.
तीनदा सांगून बाई वैतागली."

"त्यानं ओळखलं नाही तुला?"
"ओळखलं म्हणून तर ओलांडला."

केसानं गळा कापतात म्हणे.
आमच्या घरात तो असा कापला,
सरकारी शिक्का मारून.

जेरुशा गप्प. मग उठली,
किननच्या मागे जाऊन उभी राहिली.
त्याचे केस बापावर गेलेत, मऊ, सरळ.
मी "नको" म्हणेपर्यंत
तिनं पेन्सिल खोवली होती.

फरशीवर टक्क आवाज झाला.

कुणीच वाकलं नाही उचलायला.
"तू पॅरोला जाणार का रे?" तिनं विचारलं, अगदी हळू.
किननला काहीच कळलं नाही.
"मला भूक लागलीये," तो म्हणाला.

जेवणं झाल्यावर तिनं झाड काढलं.
खोड जाड, मुळं कागदाबाहेर गेलेली.
आईच्या फांदीवर, अगदी आईला चिकटून,
एक हॅट घातलेला माणूस.
मी म्हटलं, त्याला जरा लांब काढ,
औमाला त्रास होईल.
"का? पेन्सिल पडली होती," ती मान वर न करता म्हणाली,
"तो नव्हता पडला."

मला तेवढं सोपं वाटत नाही.
तो चालत गेला होता, स्वतःच्या पायांनी.
पण मी काही बोलले नाही.

आईनं चष्मा मागितला.
कागद दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिली.
"ह्याचे कान मोठे होते," म्हणाली.

जेरुशानं खोडून कान मोठे केले.